दुसरीनं दिलेली मुलाखत

न्यू जर्सी,
५ मे २००१

ती. अप्पा आणि अव्वा, दोघांना शिवलीलाचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

मी बरी आहे. रोज भात-आमटी करून जेवते. अव्वाचा गुडघा कसा आहे? जोतिबाच्या पायऱ्या यंदा चढू देऊ नका.

अप्पा, इथून पुढं मोठ्यानं वाचू नका.

मार्चपासून मला काम नव्हतं. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना इकडं आणणारी एजन्सी नव्या कंपनीत लावायला फोनवर मुलाखत ठरवते. माझी मुलाखत माझ्या नावानं दुसऱ्याच मुलीनं दिली आणि ती पास झाली. एजन्सीचे साहेब म्हणाले, "तू सोमवारी फक्त कामावर जा. सगळे असंच करतात."

मी गेले. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "फोनवर फार छान बोललात तुम्ही."

नुसती मान हलवायची होती. पण तोंडातून निघून गेलं, "फोनवर दुसरी मुलगी बोलत होती."

बाई रागावल्या नाहीत. दारापर्यंत सोडायला आल्या. त्याच दिवशी एजन्सीनं मला काढून टाकलं. आता व्हिसाही राहणार नाही.

चुकलं का माझं? विचार करून दमले. रडू येत नाही, नुसती झोप येते.

अव्वाला सांगा, काम संपलं म्हणून येतेय. ते काही खोटं नाही की.

पंचवीस तारखेला सकाळी स्टँडवर उतरेन. शाहूपुरीतल्या कुणाला हार घेऊन आणू नका. तुम्ही एकटेच या.

तुमची लेक,
शिवलीला