नवव्या कागदावरची दुरुस्ती

पोदलिप्ये, सोमवार

प्रिय अझेमिना,

आपल्या बैठकांचे कागद अजून आहेत का, असं विचारलंयस. आहेत ना! एकतीसच्या एकतीस, गुंडाळी करून कपाटावर, चिकटपट्टीच्या तुकड्यांसकट. तिकडे ग्राझमध्ये तुला नव्या मुलींना टिपणं घ्यायला शिकवायचंय आणि नमुना म्हणून माझे कागद दाखवायचेत, हे वाचून आधी मी चांगलीच फुशारले. मग दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शाळेची ती खोली आठवते ना? लढाईत हाकलले गेलेले तुम्ही लोक गावात परतलात, आम्ही इथेच राहिलेलो. आता झऱ्याचं पाणी कुणाच्या अंगणातून न्यायचं ते तरी एकत्र बसून ठरवा, म्हणून तू सगळ्यांना पोरांच्या बाकांवर गोल बसवलंस. पुरुषांचे गुडघे हनुवटीला टेकत होते. मला बजावलंस, "व्लास्ता, बोलतील तेच लिही. साखर घालू नकोस आणि नाव तर मुळीच घालू नकोस." शेवटी सगळं मोठ्यानं वाचायचं, आणि ज्याचं वाक्य त्यानं दुरुस्त करायचं. इब्रो म्हातारा दर वेळी म्हणायचा, "इतकं शहाण्यासारखं मी बोललो? परत वाच बघू, बायकोला ऐकू दे!" कुणीच बोलेनासं झालं की मी तेही लिहायची, 'शांतता. बराच वेळ.' तुला ते फार आवडायचं. त्या दिवसांइतकी कामाची मी पुढे कधीच नव्हते गं.

नववी बैठक मात्र आपण दोघी टाळतो. तुझी आई, आमची हस्नामावशी, उठून म्हणाली, "मला घरातून गेलेली दारं नकोत, खिडक्या नकोत. माझ्या आईच्या निळ्या काठाच्या सहा वाट्या कुणाकडे असतील तर तेवढ्या द्या." त्या बिनकानाच्या, कॉफीच्या. मी शांतता लिहिली, तू सुट्टी दिलीस, सगळे सिगारेटी ओढायला बाहेर गेले. परत आल्यावर तू कागद वाचलास, तर शांततेखाली एक वाक्य होतं, 'त्या वाट्यांतून मी इतकी वर्षं कावा प्यायले.'

तू अडखळलीस. नाव नव्हतं, पण हवं होतं कुणाला? कॉफीला तुम्ही काहवा म्हणता, आम्ही कावा. आणि गोलात आमच्यातली बाई एकच, यान्याआजी. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं माझ्या हातातल्या मार्करकडे पाहिलं, रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि म्हणाली, "माझी काही दुरुस्ती नाही." गेली, ती पुन्हा बैठकीला आली नाही. बावीस वर्षं झाली, हस्नामावशी तिच्या फाटकावरून मान फिरवून जाते. एकाच कुंपणाशी पोरं वाढवलेल्या बायका!

तुला वाटलं, आजीनं सुट्टीत माझ्या कानात सांगितलं आणि मी शब्द जसाच्या तसा ठेवून तिला उघडं पाडलं. "एक 'ह' घातला असतास तर हात झडला असता का तुझा?" असं फाडफाड बोललीस. मी ऐकून घेतलं. खरं म्हणजे तेवढ्यावर सुटले याचं बरंच वाटलं.

कारण माझ्या कानात कुणी काही सांगितलंच नव्हतं. टिपणं घेणारीला गोलात कुणी मोजत नाही, अझेमिना. तुमचं घर उघडं पडलं होतं तेव्हा वाट्या मी आणल्या. सांभाळायलाच आणल्या, देवाशपथ. मग एकदा पाहुण्यांसाठी काढल्या, मग रोजच्या झाल्या. त्या दिवशी तोंडानं बोलवेना म्हणून हातानं लिहिलं. तू वाचलंस की उठून 'माझं वाक्य' म्हणणार होते. माना यान्याआजीकडे वळल्या आणि मी बसून राहिले. लाज वाटते गं मला.

आजी आता अंथरुणाला खिळली आहे. काल सूप घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अगं, मला तेव्हाच कळलं होतं. तू शाळेतली बाई, पोरं लहान. माझं काय जाणार होतं?" मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "हस्नाच्या हातची कॉफी तेवढी गेली." म्हणून हे पत्र. कागद सोबत आहेत. नवव्यावर दुरुस्ती लिहिली आहे, आणि तुझा नियम मोडून खाली नावही घातलं आहे. तुझ्या मुलींना तोच आधी दाखव. हे पोस्टात टाकलं की मला माघार नाही. तिथून तशीच तुझ्या आईकडे जाते. टोपलीत पाच वाट्या आहेत, एक माझ्या हातून फुटली, तेही सांगेन. तिनं दार लावलं तर पायरीवर बसून राहीन. यान्याआजीचे दिवस थोडे आहेत, आणि तुझ्या आईला काहवा करायला कितीसा वेळ लागतो?

तुझीच, गोलाबाहेर बसलेली,
व्लास्ता