दुपटं आणि पंखा

१७ एप्रिल २००८, संध्याकाळ

लॅपटॉप आज पुन्हा मध्येच बंद पडला. यंत्राच्या भागाचं त्रिमितीय चित्र फिरवायला घेतलं की ग्राफिक्स कार्ड तापतं. उद्या सकाळी अंबडच्या कारखान्याला ते चित्र द्यायचं आहे. नाही दिलं तर घरी बसून करायचं हे काम गेलंच.

दोष सापडला. महागाची वस्तू उघड्या टेबलावर कशी ठेवायची, म्हणून सासूबाई रोज लॅपटॉपखाली दुपटं घालतात. हवा आत जाणार कुठून? दुपटं काढलं. द्राक्षांचं जाळीदार क्रेट उलटं करून त्यावर लॅपटॉप ठेवला आणि त्याच्या आतल्या पंख्याचा वेग पूर्ण केला. घरघर सुरू झाली.

सासरे ओसरीवरून ओरडले, "सूनबाई, घरात गिरणी टाकली का?"

"हो नाना. दळण आणा."

सासूबाई हसल्या. नाना हसले नाहीत. म्हणाले, "एवढं तापतंय तर विकून टाक ना."

का विकू? त्यांची मोटारसायकल घाटात तापते, तेव्हा ते तिला सावलीत उभी करतात. विकत नाहीत. हे मी तोंडावर का बोलले नाही?

चित्र पूर्ण फिरलं. लॅपटॉप बंद पडला नाही. सासूबाई दुपटं घेऊन दारात आल्या. मी ते घेतलं, घडी करून खुर्चीवर टाकलं आणि त्यावर बसले. पंखा पूर्ण वेगातच आहे.