शेंदूर लावलेली चासी

सावदा, १९५६

माझ्या प्रिय लते,

पत्र पोस्टानं टाकलं असतं तर तुझ्याआधी विहीणबाईंनी वाचलं असतं, म्हणून तुमच्या धुळ्यालाच लेकीकडे निघालेल्या तानुबाईच्या हाती देते आहे. तुला सातवा लागला आणि तुझ्या सासरचा निरोप आला: गाड्या बदलत जाणं पोटुशीला सोसायचं नाही, न्यायला माहेरचा माणूस, मुऱ्हाळी, मोटार घेऊन दारात आला तरच पाठवू. मागल्या खेपेलाही हाच निरोप होता. आपली मोटार बंद आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तू तिथंच राहिलीस, तापातही पाणी भरत राहिलीस, आणि बाळ गेलं. या वेळी तू माहेरी येणार, बस्स.

तुझे नाना गेल्यापासून फोर्ड गोठ्यातच उभी होती. मोटार झाली तरी घरचं जनावरच, तिची जागा बैलांशेजारी, असं नाना म्हणायचे. पोळ्याला तिच्याही चाकांना गेरू लागायचा. त्या मानपानानंच तिचं वाटोळं केलं. बैलांचं मूत, ओलं गवत, त्यात केळीचे घड वाहताना झिरपलेलं पाणी. चासी, म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर सगळी मोटार बसते, ती खालून कुजत गेली आणि वरचा पत्रा मात्र चकचकीत राहिला. काही घरंही अशीच असतात, कुणाची ते लिहीत नाही.

तुझे भाईदासकाका म्हणाले, भंगारात द्या. मी एरंडोलहून छगन मिस्त्रीला बोलावलं. तो खाली सरपटत गेला, हातोडीनं ठोकत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "बठ्ठं सडी गयेल शे, अक्का." मी म्हटलं, सगळं कसं? पुढच्या बाजूला खणखणीत वाजलं ते मीही ऐकलं. मग मात्र तो कामाला लागला. कुजलेला भाग कापला, लोहाराकडून जाड पट्टी घडवून आणली आणि तापल्या रिव्हेटांनी ठोकून बसवली. उरलेला गंज मी तारेच्या ब्रशानं खरवडला. उताणी पडून काम करताना डोळ्यांत तांबडी भुकटी जायची आणि मी तुझ्या सासरचा उद्धार करायची, त्यानं हाताला जोर यायचा! मग पुन्हा गंज धरू नये म्हणून उकळलेल्या जवसाच्या तेलात शेंदूर खलून सगळ्या चासीला हात दिले. बायका विचारतात, मंदाबाई, मारुती बसवला का गं? चिखलानं बुजलेली भोकं मोकळी केली, सांध्यांत काळं ऑइल सोडलं, म्हणजे पाणी साचणार नाही. आता तिला मुरूम टाकून वेगळं छप्पर केलंय. बैल रुसले असतील तर रुसोत.

मोटार सुरू झाली तसा मुऱ्हाळ्याचा प्रश्न आला. मागल्या खेपेला मोटारीशिवाय तुला आणायला गेले तेव्हा तुझ्या दारात झालेला अपमान काकांना आठवतो. ते येणार नाहीत म्हणाले. भाड्याचा ड्रायव्हर म्हणजे घरचा माणूस नव्हे, तेवढंही कारण तुझ्या सासरच्यांना पुरेल. तेव्हा मोटार मीच आणते आहे. नानांनी हौसेनं बागेच्या वाटेवर शिकवलं होतं, ते हातात होतंच. जळगावला जाऊन लायसन काढलं. साहेबानं पुन्हा पुन्हा विचारलं, चालवणार कोण? मुऱ्हाळी म्हणून बाई, त्यातून विधवा, असं तुझ्याकडे म्हणतील, अपशकुन म्हणतील, दार लावून घेतील. मी भांडणार नाही. इंजिन बंद करून दारासमोर बसून राहीन, सगळी गल्ली बघेल. पण लते, आत येऊन तुला हाताला धरून मी आणू शकत नाही. उंबऱ्याबाहेर तुझं तुलाच यावं लागेल. ते ऐन वेळी सुचणार नाही, आत्ताच ठरव, यासाठी हे लिहिलं. सोमवारी येते. तू बाहेर येईपर्यंत मी जाणार नाही.

तुझीच, कुणाला न विचारता निघालेली,
आई