सस्पेन्शन बसायला वेळ लागतो

३ मार्च, सोमवार

केक पुन्हा मोडला. चॉकलेटचा, दोन मजली. हॉटेलच्या मागच्या दाराशी पोचलो तेव्हा वरचा मजला तळमजल्यात उतरला होता. मॅनेजरने खोक्यात डोकावून पाहिलं. मग सौ.ला म्हणाला, मॅडम, चव फार छान असते हो तुमच्या केकला, पण पाहुण्यांना चमच्याने वाढू का?

सौ. केक करते, मी गाडीने पोचवतो, सासूबाई मागे बसून खोका मांडीवर धरतात, अशी आमची फर्म. हॉटेलपर्यंतचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलाय, त्याला मी काय करणार? परत येताना सौ. म्हणाली, अहो, जरा हळू चालवत जा.

हा सार्वत्रिक गैरसमज आहे. हळू गेलं की चाक प्रत्येक खड्ड्यात उतरतं. वेगात गेलं की वरच्यावर निघून जातं. हे शास्त्र आहे. मी ते शांतपणे समजावलं. सौ. म्हणाली, चाक वरच्यावर जातं तसा केकही वरच्यावर जातो, मग झाकणाला आपटून खाली येतो.

दोष गाडीच्या सस्पेन्शनचा आहे. बदलणार. पण घाई नाही. आधी सखोल अभ्यास.

५ मार्च, बुधवार

अभ्यास सुरू. चार व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत दाढीवाले लोक वाळवंटात गाडी उडवतात आणि खाली उतरून हसतात. एकाच्याही गाडीत केक नव्हता, पण तत्त्व तेच.

ऑफिसात एक्सपर्टशी चर्चा. एक्सपर्ट म्हणजे आमच्या सेक्शनमधला, गाड्यांमधलं सगळं कळणारा. त्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्यामुळे मत नि:पक्षपाती असतं. म्हणाला, हेवी ड्यूटी स्प्रिंग, गॅसचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि गाडी दोन इंच वर उचलून घे. मी म्हटलं, गाडी छोटी आहे, चालेल ना? तो म्हणाला, मग तर तिला जास्त गरज आहे.

पटलं.

८ मार्च, शनिवार

सस्पेन्शनच्या दुकानात गेलो. काउंटरमागे डोंगर चढणाऱ्या जीपचं भलंमोठं पोस्टर. दुकानदाराने विचारलं, कुठे चालवता? मी म्हटलं, अतिशय अवघड टेरेन. लोड काय असतो? म्हटलं, नाजूक पण मौल्यवान. त्याने मान डोलावली आणि सगळ्यात वरच्या फळीवरचं खोकं काढलं. माणूस पाहून माल काढणारा दुकानदार. गाडी पाहायला मात्र तो बाहेर आला नाही.

प्रत्येक शॉकवर मऊ-कडक करायला एक बटण आहे. बारा ठिकाणी फिरतं. जुन्याला बटणच नव्हतं! इतकी वर्षं काय अडाण्यासारखी गाडी चालवली आपण.

सौ.ने विचारलं, मऊ असतो ना हा? मी म्हटलं, मऊ-कडक हा फार वरवरचा विचार झाला. ती ओट्याकडे वळली.

१३ मार्च, गुरुवार

फिटिंग झालं. गाडी काय दिसते! पूर्वी उभी असायची, आता छाती काढून उभी राहते.

सासूबाईंना आत चढता येईना. स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. स्टुलावर चढून त्या म्हणाल्या, जावईबापू, गाडी घेतलीत की मचाण? वयोमानाने माणसाला उंचीची भीती वाटते. समजून घेतलं.

सौ. म्हणाली, मी चालवून बघू का? तिला गाडी येते, लायसन्स माझ्याआधीचं आहे. पण म्हटलं, नको. नवं सस्पेन्शन आधी एका हाताला बसावं लागतं. हात बदलला की बिघडतं. हे कुठे वाचलं ते आता आठवत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

पहिली खरी चाचणी. अननसाचा केक.

मोकळेपणाने लिहायचं तर गाडी थोडी ताठ वाटली. रस्त्यात माचिसची काडी पडली असती तरी समजलं असतं, जळकी की नवी. सासूबाईंचा चष्मा दोनदा मांडीवर पडला. केक आडवा फुटला नाही, हे विशेष. या वेळी उभा फुटला. म्हणजे फरक पडतोय.

बटण तिसऱ्यावरून सातवर नेलं. पुढच्या वेळी नववर. उत्तर कुठेतरी मध्ये आहे.

१७ मार्च, सोमवार

दुकानदाराला फोन. म्हटलं, दणके बसतात. तो म्हणाला, साहेब, हे स्प्रिंग वजनासाठी असतात, रिकाम्या गाडीला दणके बसणारच. मागे लोड टाका. आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं, तर म्हणतो, लोड मौल्यवान आहे म्हणालात, मला वाटलं मशिनरी असेल.

चूक कोणाची हा मुद्दा नाही. उपाय मिळाला हे महत्त्वाचं. शेजारी बांधकाम चाललंय, तिथून वाळूची दोन पोती आणून डिकीत टाकली. कमरेत थोडी कळ आली. सौ. खिडकीतून बघत होती. तिने कपाळाला हात लावला, बहुधा उन्हामुळे.

२२ मार्च, शनिवार

आजच्या प्रसंगात माझा दोष शून्य.

वाळूमुळे गाडी खरंच सुधारली. इतकी, की मी वेग वाढवला, कारण सस्पेन्शन चांगलं असून ते न वापरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. सौ. अहो, अहो म्हणत होती. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. पाइपलाइनच्या चराशी एक पोतं फुटलं. वाळू पुढे आली. खोक्याचं झाकण आधीच उडालेलं होतं.

मॅनेजरने केकवर बोट फिरवून चाटलं आणि सौ.कडे पाहिलं. म्हणाला, रविवारी तीसला एका आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. तीन मजली केक तुम्हाला देणार होतो. शेवटचं देतो. तो घरून निघाला तसा आला पाहिजे, नाहीतर आपला राम राम.

सौ. घरी येऊन मोरीत बसून भांडी घासत राहिली. घासून झालेली भांडीसुद्धा. मी दारात उभा राहून म्हटलं, काळजी करू नकोस, अजून तीन सेटिंग बाकी आहेत. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, मला या हॉटेलशिवाय दुसरं कुणी गिऱ्हाईक नाही, माहितीये ना तुम्हाला?

माहीत आहे. म्हणूनच तर सगळी खटपट.

२४ मार्च, सोमवार

एकट्याने सराव. बटण बारावर. रिकामा खोका बाजूच्या सीटवर, त्यात केकच्या जागी पाण्याने भरलेलं पातेलं. पाणी सांडलं नाही की जिंकलो.

पाण्याचं काय झालं ते सांगता येणार नाही. चर ओलांडताना माझं डोकं छताला लागलं आणि मान खांद्यात गेली. ती तिथेच राहिली.

२६ मार्च, बुधवार

डॉक्टरांनी गळ्यात पट्टा बांधला. विचारलं, अ‍ॅक्सिडेंट? म्हटलं, नाही, अपग्रेड. त्यांनी पुन्हा विचारलं. सौ. म्हणाली, तुम्ही अ‍ॅक्सिडेंटच लिहा.

दोन आठवडे गाडी चालवायची नाही. ऐन मोक्याच्या वेळी! सौ.ला म्हटलं, ऑर्डर पुढे ढकलता येईल का? ती म्हणाली, त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं रविवारीच होतायत. मग तिने चावी घेतली. मी हरकत घेणार होतो, पण मान हलवता येत नसल्यामुळे ती होकार समजली असावी.

तिला बटणांची पूर्ण माहिती दिली. ती ऐकत होती. मग तिने दुकानदाराला फोन करून सगळ्यात मऊ कुठलं ते विचारलं आणि चारही बटणं एकवर फिरवून टाकली. अभ्यास नसला की माणूस असा टोकाला जातो.

३० मार्च, रविवार

अपेक्षेप्रमाणे यशस्वी.

सासूबाईंना पुढे बसायचं होतं, म्हणून खोका माझ्या मांडीवर आला. सौ. गाडी अशी चालवत होती, की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून काही बंद पडलंय का बघत होता. चराशी ती थांबली. चक्क थांबली! एक चाक उतरवलं, मग दुसरं, जणू आजारी माणसाला पायऱ्या उतरवतेय. मी दोनदा सांगितलं, वेग दे, वरच्यावर जाईल. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, ड्रायव्हरशी बोलू नका, नुसता केक धरा.

मध्ये माझा डोळा लागला. मुद्दाम नोंद करतो, कारण या सस्पेन्शनवर माणूस झोपू शकतो याचा हा पुरावा आहे. ते शेवटी बसलं. वेळ लागतो, मी पहिल्यापासून म्हणत होतो.

केक तीन मजली गेला आणि तीन मजली उतरला. वरचं साखरेचं फूलसुद्धा हललं नव्हतं. मॅनेजरने खोक्यात पाहिलं, मग खाली वाकून चारी बाजूंनी पाहिलं, आणि सौ.ला म्हणाला, मॅडम, उद्यापासून रोजचा एक द्या. सौ.ने मान वळवून डोळे पुसले. सासूबाईंनी तर उघडपणे पुसले. मला मान वळवता येत नव्हती, म्हणून मी पाठ फिरवून पट्टा नीट केला.

तेवढ्यात ज्यांचा समारंभ ते आजोबा बाहेर आले. केक पाहून हरखले. माझ्याजवळ येऊन म्हणाले, तुम्ही धरून आणलात का हो? फार जपून आणलात. आणि माझ्या हातात एक नोट कोंबली. मी त्यांना सस्पेन्शनबद्दल सविस्तर सांगणार होतो, पण ते आजींना हाक मारत आत गेले. नोट परत करणं बरं दिसलं नसतं. हे माझ्या निर्णयाचं पहिलं जाहीर कौतुक, म्हणून ती जपून ठेवायचं ठरवलं.

गाडीत बसल्यावर सौ.ने हात पुढे केला. मी विचारलं, काय? म्हणाली, द्या ती इकडे, टीप ड्रायव्हरची असते.