आईला दुसरं कोणी नाही

दादा,

हे पत्र मी तुला तुरुंगात पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहिते. मी तुझ्यावर जळते. तुझ्या हातात बेड्या पडल्या तरी जळते.

पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं तेव्हापासून आईने तुझी एकही तारीख चुकवली नाही. माझ्या दहावीच्या निकालाला मात्र तिचे गुडघे दुखत होते. दोन वर्षं कोर्टाचे तीन जिने मीच तिला हाताला धरून चढवले. वर पोचलो की ती माझा हात सोडून तुला शोधायची.

तू दोषी ठरलास. शिक्षा किती द्यावी यावर तुझे वकील म्हणाले, "म्हाताऱ्या आईला या मुलाशिवाय कोणी नाही." आईने मान डोलावली. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मग या कोण?"

मी म्हटलं, "शेजारीण."

सरकारी वकिलांनी सात वर्षं मागितली होती, तुला पाच झाली.

बाहेर आल्यावर आईने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "बरं सुचलं हो तुला." आयुष्यात तिने केलेलं माझं पहिलं कौतुक, आणि तेही तुझ्यापायीच.

तुझी,
शेजारीण