पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही

विजय नगर, जबलपूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. शैलाताईस,
श्रीकांतचा शि. सा. न. वि. वि.

मोटारसायकल हा शब्द काढला की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्राची वाट धरली. तू शाळामास्तरीण, हातात आलेला कागद अर्धवट वाचून ठेवणं तुला जमायचं नाही.

आम्ही सगळे मजेत. लकव्यानंतर माझा डावा पाय होता तिथेच आहे. चालता येतं, पण पाऊल जोरानं दाबता येत नाही. अण्णांच्या बुलेटचा मागचा ब्रेक नेमका डाव्या पायाला, जुन्या गाड्यांची तीच रीत. म्हणजे ती मी पुन्हा चालवायची तर सगळी भिस्त उजव्या हातावर, पुढच्या ब्रेकवर. तो कोणता बसवावा, याखेरीज सध्या मला दुसरं काही सुचत नाही. प्रणाली म्हणते, बाबांना जेवताना भाजी कोणती तेही कळून नाही राहिलं.

काल ओमतीला तुळशीराम मिस्त्रीकडे पुढचं चाक उघडलं. ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात, ते फाकून ड्रमला घासले की चाक थांबतं. साठ वर्षांत ते झिजून नुसता पत्रा उरायला हवा होता. ताई, ते कोरे निघाले! अगदी कारखान्यातून आले तसे. तुळशीराम बघतच राहिला आणि म्हणाला की भैया, ये तो कुंवारा ब्रेक है.

पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, ही अण्णांची ताकीद मला पाठ आहे. पण त्यांनी स्वतःही कधी लावला नसेल, हे मनातही आलं नव्हतं. आपण चौघं त्या गाडीवरून इतके उतार उतरलो, ते सगळे त्यांच्या एका पावलाच्या जोरावर! मी तिथेच, ऑइलच्या डबक्यात उभा राहून हात जोडले.

तुळशीराम म्हणतो डिस्क लावा. त्यासाठी पुढचे शॉकअपही बदलावे लागतील, आणि मग ती अण्णांची गाडी कसली? शू जिच्यावर बसतात ती प्लेट नंतरच्या बुलेटला दोन्ही शू एकदम जोर धरतील अशी यायची, ती मिळून राहिली आहे. माझा जीव तिच्यावर जडला आहे. अण्णांनी तो नियम काहून केला होता, तुला ठाऊक असेल तर कळव.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा,
श्रीकांत


नागपूर
२० नोव्हेंबर २०२४

चि. श्रीकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पूर्ण वाचलं, दोनदा. अंगणात उतरायला तुला कठडा धरावा लागतो, आणि गाडी चालवायची म्हणे! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. प्रणालीनं तुला अडवलं नाही याचं मला नवल वाटतं.

नियमाची गोष्ट सांगते. घरात कोणी ती कधी काढली नाही. गाडी नवी होती. आम्ही पनागरहून परतत होतो, मी पुढे टाकीवर, आई मागे, आणि तू तिच्या पोटात. कुणाच्या बैलगाडीतून मटाराच्या शेंगा रस्ताभर सांडल्या होत्या. अण्णांनी घाबरून पुढचा ब्रेक दाबला, चाक शेंगांवरून सरकलं आणि आम्ही तिघं आडवे. मला खरचटलं, आईच्या बांगड्या फुटल्या. ती रस्त्यावर बसून पोटाला हात लावून होती. अण्णा थरथर कापत होते. मोठ्या माणसाला तसं कापताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तू धडधाकट जन्मलास. पण पुढे प्रत्येक हिवाळ्यात, मटारानं भरलेल्या जबलपुरात राहून, ते मटाराच्या भाजीला तोंड लावत नसत, हे तुला आठवत असेल. तो हात त्यांनी तुझ्यासाठी जन्मभर आवरला रे. शू कोरे निघाले हे वाचलं आणि मला रडू आलं.

म्हणूनच सांगते, गाडी विकून टाक. लकवा झाल्यापासून अवेळी फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं. आता मला आणखी एक भीती झेपणार नाही.

प्रकृतीला जप. बहिणीची माया जाणून आहेस, निराळं काय लिहू.
तुझी,
ताई


विजय नगर, जबलपूर
९ डिसेंबर २०२४

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. अण्णांना मी हेकट समजत आलो. माझ्या जन्माआधीपासून ते मला सांभाळत होते, हे आता, एकसष्टाव्या वर्षी कळलं.

तरीही गाडी विकली नाही. ऐकून घे. ती दोन्ही शूंची प्लेट आणली, बसवली, आणि मदनमहालच्या चढावर नेली. प्रणाली मागून चालत होती. पुढे जाताना नुसती दोन बोटं दाबली की गाडी जागच्या जागी उभी. मी तर हवेतच. मग चढावर थांबलो, आणि ब्रेक घट्ट दाबलेला असूनही गाडी मागे घसरू लागली! डावा पाय काही कामाचा नाही. प्रणालीनं धावत येऊन चाकामागे दगड लावला म्हणून हे पत्र लिहितो आहे. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

कारण तुळशीरामनं चाक हातानं फिरवून दाखवलं. त्या प्लेटचे दोन्ही शू पुढच्या फिरण्यालाच जोर धरतात, चाक उलटं फिरलं की दोन्ही ढिले. अण्णांच्या जुन्या प्लेटमध्ये एक शू पुढे जाताना जोर धरतो, दुसरा मागे घसरताना. कुणी, किती वर्षांपूर्वी हा विचार करून ठेवला असेल! एवढ्याशा डब्यात दोन्ही दिशांची काळजी. मी कितीतरी वेळ ते चाक नुसतं पुढे-मागे फिरवत बसलो होतो.

तेव्हा जुनी प्लेटच परत. शूंवरचं लायनिंग, म्हणजे घासणारं अस्तर, वाळून दगड झालं होतं, म्हणून शू अण्णांचे ठेवून त्यांवर नवं चढवलं. ड्रमला आतून खडू फासायचा, चाक फिरवायचं, शूवर पांढरं उमटेल तेवढंच घासायचं. पूर्ण शू एकसारखा पांढरा होईपर्यंत हेच करत होतो. आता पुढेही धरतो, मागेही.

नाताळात ये. मागे बसून बघ. मग विक म्हणालीस तर विकीन, अण्णांची शपथ.

वाट बघतो आहे.
तुझा,
श्रीकांत


नागपूर
२ जानेवारी २०२५

चि. श्रीकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. प्रणालीनं दिलेल्या खव्याच्या जिलब्या शेजारी वाटल्या, दोन लपवून ठेवल्या.

तिथे काही बोलले नाही, म्हणून लिहिते. मी विक म्हणायलाच आले होते. तुझ्या मागे बसले ती रामरक्षा म्हणत, डोळे मिटून. ग्वारीघाटाच्या उताराला लागलो तेव्हा मी तुझा स्वेटर मुठीत इतका आवळला होता की तुला श्वास घेता आला हेच आश्चर्य. आणि मध्येच सगळं थांबलं. धक्का नाही, घसरणं नाही. डोळे उघडले तर चाकापासून हातभर अंतरावर एक वासरू उभं, आपल्याकडे बघत. एवढी जड गाडी, आपण दोघं, आणि तुझी फक्त चार बोटं वळलेली. अण्णा ज्या हाताला जन्मभर भ्याले, त्याच हातानं तू मला तिथे अलगद उभं केलंस.

मग तुझी पाठ हलू लागली. मला वाटलं तुला काही होतंय. माझा जीवच गेला. आणि कळलं की तू हसतोयस, त्या वासराकडे बघून, मोठ्यानं. श्रीकांत, लकव्यानंतर मी तुझं हसणं ऐकलं नव्हतं. फोनवर रोज ऐकायचे ते नुसतं ‘बरं आहे’, ‘ठीक आहे’. मला वाटलं होतं ते हसणं गेलंच.

गाडी विकू नकोस. चालव बाबा. रोज चालव.

तुझ्यावरचा जीव होता तसाच आहे. पत्राचं उत्तर दे.
तुझी,
ताई