शंभरावं रोप

प्रिय अर्विन,

तुझ्या वकीलबाई काल आमच्या कचेरीत येऊन गेल्या. शेरीफच्या या पोलीस कचेरीत अकरा वर्षं कागद भरतेय, पण असं पत्र कधी लिहिलं नव्हतं. बातमी तुला तिथे तुरुंगात कळलीच असेल. गांजाचं एक रोप म्हणजे एक किलो माल, हा जुना नियम वॉशिंग्टनच्या शिक्षा ठरवणाऱ्या समितीने मोडीत काढला. आता रोपामागे शंभर ग्रॅमच धरायचे आणि जुन्या शिक्षाही नव्याने तपासायच्या. तुझ्यासारख्याच पकडलेल्या होबार्टची बहात्तर रोपं सापडली होती. तो नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी येतोय. तुझी पाचातली अडीच वर्षं भरलीत, आता तूही सुटशील म्हणून मीही तुझी खोली झाडून ठेवली होती.

"तो नाही सुटणार," वकीलबाई म्हणाल्या. "शंभर रोपं झाली की किमान पाच वर्षं, हा संसदेचा कायदा वेगळा. त्याला समिती हात लावू शकत नाही. नव्याण्णव असती ना बाई, तर तुमचा भाऊ एव्हाना घरी असता." एका रोपापायी!

मग त्यांनी जप्तीचे फोटो मांडले. त्या दिवशी शेरीफचा डेप्युटी बर्ल रोपं उपटत होता आणि मी वहीत रोपामागे एक रेघ ओढत होते. शेवटी "लिही लुडेल, शंभर! भावाने गोल आकडा दिलाय बघ तुझ्या," म्हणत तो फिदीफिदी हसला होता. फोटोत ते शंभरावं रोप त्याच्या हातात आहे. त्याला पिवळं फूल आहे, मध्ये तांबडा डाग. अर्विन, ती भेंडी आहे रे! आईच्या भेंडीच्या ओळींमध्ये तू गांजा लपवलास, पानं सारखीच दिसतात, आणि बर्लने दोन्ही उपटलं. वकीलबाई शहरातल्या, त्यांना काय कळणार? मीच फुलावर बोट ठेवलं. त्या उडाल्याच. सोमवारी मला कोर्टात शपथेवर हे सांगायचंय.

चूक कशी झाली, असं जज्ज विचारतीलच. परक्याच्या तोंडून तुला ते कळू नये, म्हणून हे पत्र. चूक झालीच नव्हती. मक्याच्या पिठात घोळवून तळलेल्या भेंडीवर वाढलेली आपण माणसं. मला ते फूल त्याच दिवशी दिसलं होतं. पण सगळी कचेरी मला गांजावाल्याची बहीण म्हणून बघत होती, आणि मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. एका रोपाने काय होतंय, असं म्हणून मी रेघ ओढली.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
लुडेल